पाव्हणं कवा जाणार?

सुभेदार धैर्यशील नोकरी पुरी करून गावी आला, त्या दिवशी मोरतळ्याच्या स्टँडवर एसटीला वळायला जागा उरली नव्हती. पोरांनी उघडी जीप झेंडूच्या माळांनी मढवली होती. हलगी कडकडत होती, गुलाल उडत होता, आणि चौकात त्याचा एवढा मोठा फ्लेक्स लागला होता की मागचं चहाचं दुकान पार झाकून गेलं होतं. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. तलावावरून वारं सुटलं होतं आणि त्या वाऱ्याला थंडीची धार यायला लागली होती.

क्रांती आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. लग्नाला दोन तपं होत आली, पण नवऱ्याबरोबरचा तिचा संसार झाला तो सगळा रजेतला. रजा संपली की ट्रंक उचलली जायची आणि क्रांती पुन्हा रानात, गोठ्यात, सासूच्या सोबतीला. पोरगा राजवर्धन तिनं एकटीनं वाढवला. सासरा गेला तेव्हा खांदेकरी तिनं गोळा केले. तलावाकाठच्या रानातली मोटार जळली की वायरमनच्या दारात जाऊन बसायची तीच. "एकदा रिटायर झालो की मग आपण हायच की," असं धैर्यशील फोनवर म्हणायचा. हा 'मग' ऐकत ऐकत तिचे केस पिकायला लागले होते. आज तो जीपमधून येत होता.

सासू मनुबाई ओसरीवर खुर्चीत बसली होती. क्रांतीनं तिला नवं लुगडं नेसवलं होतं, केस विंचरून घट्ट बुचडा बांधला होता. म्हातारीचं विसरणं वर्षभर चाललं होतं. उन्हाळ्यात धैर्यशील रजेवर आला होता तेव्हा ती त्याला घटकाभरानं का होईना, ओळखायची. पाऊसकाळात मात्र तिनं बरंच काही सोडून दिलं. वार विसरली, जेवलेलं विसरली, नवरा वारलेला विसरली. क्रांती मात्र तिला पक्की ठाऊक होती. सून कोण, घर कोणतं आणि आपला मुलगा लष्करात आहे, एवढं तिनं धरून ठेवलं होतं.

धैर्यशील जीपमधून उतरला. भरदार मिशा पांढुरक्या झालेल्या, कपाळ वर चढलेलं. तो आईच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. क्रांतीनं सासूच्या हातात ताट दिलं आणि हाताला हात लावून ओवाळायला लावलं. मनुबाईनं त्याच्या कपाळाला गंध लावलं, अक्षता टाकल्या, कडाकडा बोटं मोडली आणि कौतुकानं आजूबाजूला बघत म्हणाली, "लय गुणाचं पोर हाय गं. कुनाचं म्हनायचं?"

सगळे हसले. म्हातारी गंमत करते असं लोकांना वाटलं. धैर्यशीलही हसला. क्रांतीला तेवढं हसता आलं नाही.

पहिले दिवस पाहुण्यारावळ्यांत गेले. मग घर रिकामं झालं आणि थंडी चढली. मोरतळ्याची थंडी वेगळीच. गावाला तीन बाजूंनी माळ आणि एका बाजूला हा जुना तलाव. भल्या पहाटे पाण्यावरून धुकं उठायचं आणि गल्लीबोळांतून घरात शिरायचं. लोकांची तोंडं उन्हं वर आल्याशिवाय उघडायची नाहीत. तलावाचं पाणी मागं सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा टाकायचे, त्या पलीकडं बदकं उतरायची, आणि बायका कानाला पदर गुंडाळून दुधाच्या किटल्या डेअरीवर पोचवायच्या. क्रांतीची तीच वाट होती. पहाटे बंब पेटवायचा, गाईची धार काढायची, सासूला अंघोळ घालायची, हुलग्याचं माडगं करून गरमागरम पाजायचं, मग रान.

धैर्यशील तिच्या आधी उठायचा. दाढी करून, बूट पुसून, अंथरुणाची घडी अशी करायचा की कडेला कड लागायची. मग बसायचा. काय करावं हे त्याला कळायचं नाही. गाईला तो नवा, म्हणून ती त्याला धार देईना. बंब पेटवायला गेला तर धुरानं घर भरायचा. एकदा त्यानं स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणं लावून ठेवले आणि क्रांतीला मीठ सापडेना. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं डबे पुन्हा होते तिथं लावले, आणि त्यानं ते पाहिलं.

रात्री ती सासूपाशी निजायची. म्हातारी मध्येच उठून कडी काढायची, म्हणून क्रांतीनं तिचा पदर आपल्या मनगटाला बांधून झोपायची सवय लावून घेतली होती. धैर्यशीलची खाट बाहेरच्या खोलीत. तपं उलटली, तरी नवराबायको दोन खोल्यांत.

एकदाच ती दोघं तलावाच्या भरावावर फिरायला गेली. क्रांतीची ही जुनी हौस. हायस्कूलचे मास्तर आणि त्यांची बायको रोज सकाळी भरावावरून जोडीनं जाताना तिला रानातून दिसायची. शेजारच्या हरणाबाईला तिनं सासूपाशी बसवलं आणि चपला घालून निघाली. धैर्यशील झपाझपा चालायचा. ती मागं पडली की थांबायचा, पुन्हा तसाच सुटायचा.

"आवं, कुठं लढाईला चाललाय व्हय?" ती दम खात म्हणाली.

तो ओशाळून हसला आणि तिच्या पायाला पाय मिळवून चालू लागला. पाण्यावर धुकं विरत होतं. पलीकडच्या काठाला कुणीतरी जाळं झाडत होतं. त्यानं तिला बर्फातल्या कुठल्याशा चौकीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिथलं तळं गोठलं की खेचरं वरून चालत जायची. ती ऐकत होती. इतक्या निवांतपणी हा माणूस कधी बोलला होता, तिला आठवेना. तेवढ्यात खालून हरणाबाईची हाक आली. म्हातारी घराबाहेर पडली होती. चुलीवरचं दूध उतू चाललं म्हणून हरणाबाई वळली, तेवढ्यात गेली.

मनुबाई सापडली स्टँडवर. फलाटावर थंडीनं कुडकुडत, साताऱ्याच्या गाडीकडं डोळे लावून बसली होती.

"ल्योक येनार हाय माझा," ती कंडक्टरला सांगत होती. "मिल्ट्रीत हाय त्यो."

धैर्यशील तिच्यापुढं उभा राहिला. "आये, घरला चल. मी आलोय."

मनुबाईनं त्याच्याकडं मान वर करून पाहिलं आणि पदर सावरला. "तुमी व्हा पुढं, पाव्हणं. मी धैर्याला घिऊन येते."

त्यानंतर भरावावरचं फिरणं झालं नाही.

पाव्हणं. म्हातारीनं त्याला हेच नाव ठेवलं. कधी तिला तो क्रांतीच्या माहेरचा, उंब्रजकडचा कुणी वाटायचा. कधी नुसताच आलेला-गेलेला. पाहुण्याचा मान मात्र ती राखायची. जेवताना आग्रह करायची, "पाव्हणं, लाजू नगा. वाढ गं त्यास्नी." आणि तो हात धुवायला उठला की सुनेच्या कानाशी लागायची, "पाव्हणं कवा जाणार गं? लय दिस झालं. धैर्या रजेवर आला म्हंजी त्यानं कुठं निजायचं?"

पहिल्यांदा क्रांतीला हसू आलं. तिनं ते नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. पण रोज रोज तेच ऐकून दोघांचंही हसू आटलं. मोरी धुताना, दारात बूट काढताना, चहा पिताना धैर्यशीलच्या कानावर ते पडायचं आणि तो उठून गोठ्याकडं जायचा. गोठ्यातही त्याला काम नव्हतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला, गोळ्या दिल्या. "हे असंच वाढत जाणार," ते म्हणाले. "वाद घालू नका तिच्याशी. ती म्हणेल ते हो म्हणायचं."

"म्हंजी मी पाव्हणा म्हणून हो म्हणायचं?" धैर्यशीलनं विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानं हार मानली नाही. जुने फोटो पुढं ठेवले. म्हातारीनं लग्नाच्या फोटोतल्या काळ्याभोर मिशांच्या पोरावर बोट ठेवलं, "ह्यो माझा धैर्या," आणि समोरच्या माणसाकडं ढुंकून पाहिलं नाही. लहानपणच्या गोष्टी सांगून बघितल्या. गाळात रुतलेली शेरडी, विहिरीवरचं मधाचं पोळं, चावलेल्या माश्या, तिनं अंगभर फासलेला चुना. मनुबाई लक्ष देऊन ऐकायची. मग तिचे डोळे बारीक व्हायचे. "हे तुमास्नी कुनी सांगितलं? माझ्या ल्योकाचं तुमाला काय ठावं?"

"आये, मीच की गं त्यो!"

"जा की घरला आता!" म्हातारी कडाडायची. "दुसऱ्याच्या घरात किती दिस बसावं मानसानं!"

पुण्याहून राजवर्धनचा फोन यायचा. तो आईशी बोलायचा, बापाशी "कसे आहात पप्पा" एवढंच. "मम्मी, आज्जीला सांभाळणारी केंद्रं असतात इकडं, चौकशी करू का?" त्यानं एकदा विचारलं.

"तिला माझ्याबिगर कोण खाऊ घालणार रं?" क्रांती म्हणाली. "मला तरी ती ओळखतीया."

धैर्यशील तिथंच बसला होता. बोलून गेल्यावर तिला वाटलं, शेवटचं वाक्य गिळायला हवं होतं.

संक्रांत झाली. शाळेनं धैर्यशीलला सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला बोलावलं. त्यानं ट्रंक उघडली, वर्दी काढली, स्वतः इस्त्री केली, छातीवर पदकं लावली. घरात आल्यापासून क्रांतीला तो एवढा ताजा कधी दिसला नव्हता.

"परत येताना असाच आयेपुढं उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "वर्दीत बघितलं की वळकंल ती. पहिल्या रजेला आलो तवा गल्लीभर मिरवलं हुतं मला."

"नगा," क्रांती म्हणाली. "तिच्या डोक्यात काय यील, सांगता येत न्हाई."

"आता ह्याहून आनि काय व्हायचंय?"

पुढं कितीदा क्रांतीला वाटलं, तेव्हा वाटेत आडवी पडायला हवी होती.

झेंडावंदन आटोपून तो आला तेव्हा मनुबाई अंगणात उन्हाला बसून ज्वारी निवडत होती. क्रांती मोरीपाशी भांडी घासत होती. बुटांचा आवाज आला, तशी म्हातारीनं मान वर केली. फाटकात वर्दीतला माणूस उभा होता. त्यानं टाच जुळवून सलाम ठोकला. मनुबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. क्रांतीलाही वाटलं, ओळखलं! धैर्यशील पुढं आला, डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि तिच्या पाया पडायला वाकला.

त्या टोपी काढण्यानं घात झाला.

पूर्वी एकदा याच गल्लीत, पलीकडच्या घरातला गुंडा नावाचा जवान पडल्याचा निरोप घेऊन लष्कराची गाडी आली होती. तेव्हाही हिवाळाच होता. वर्दीतली माणसं अंगणात आली, टोप्या काढून खाली माना घालून उभी राहिली, आणि गुंडाच्या आईला काही सांगायच्या आधीच ती कोसळली. तिला मांडीवर घेऊन दिवसभर बसली होती ती मनुबाईच. घरी आल्यावर ती क्रांतीला म्हणाली होती, "टोप्या काडल्या की समजायचं गं. बोलायची गरज न्हाई."

सूप उडालं, ज्वारी अंगणभर झाली. "ग्येला!" मनुबाईनं हंबरडा फोडला. "ग्येला गं माजा धैर्या! क्रांते, आपला धैर्या ग्येला!"

"आये, मी हाय! मीच धैर्या हाय!" त्यानं तिचे खांदे धरले.

ती त्याच्या छातीवरच्या पदकांवर कपाळ आपटत राहिली. "सायेब, कुठं पडला माझा पोरगा तेवढं सांगा. थंडीत पडला का हो? अंगावं काय हुतं त्याच्या?"

क्रांती ओल्या हातांनी धावत आली, तशी म्हातारीनं तिची मनगटं पकडली. एवढ्याशा काडीसारख्या देहात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. तिनं ते हात दाराच्या चौकटीवर आपटले. बांगड्या फुटल्या, काचा रुतल्या, रक्त आलं. मग तिनं आपल्या पदरानं सुनेच्या कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं आणि तिला पोटाशी धरून रडत बसली. गल्ली गोळा झाली. हरणाबाई धैर्यशीलला हाताला धरून आत घेऊन गेली आणि म्हणाली, "दादा, आधी ते कपडं काडा."

लोकांना वाटलं, म्हातारी दोन दिवसांत विसरेल. क्रांतीलाही तीच आशा. पण सकाळचं दुपारी न आठवणारी बाई हे एवढंच विसरली नाही. बाकी सगळं गेलं आणि हे दगडावर कोरल्यासारखं राहिलं. स्टँडवर जाणं बंद झालं. 'पाव्हणं कवा जाणार' हेही बंद झालं. ती कोपऱ्यात बसून असायची. कावळ्याला घास टाका म्हणायची. दहावा तलावाच्या घाटावर घाला म्हणायची. वाईवरून भटजी यायचा आहे, असं सांगून क्रांती वेळ मारून न्यायची.

क्रांतीनं दुसऱ्या दिवशी हरणाबाईकडून बांगड्या भरल्या, कुंकू लावलं. लावणारच. नवरा घरात धडधाकट होता. पण मनुबाईनं तिच्या हातची भाकरी ढकलून दिली. "माझ्या ल्योकाची राख थंड न्हाई झाली, आन तू नटून हिंडतीस?" मग तिची नजर ओसरीवरच्या माणसाकडं गेली, आणि तिनं दोन्हीचा मेळ घातला. संध्याकाळी ती गल्लीत दारोदार सांगत सुटली. "सुनंनं घरात मानूस आनून ठिवलाय वो! माझा पोरगा जाऊन दिस उलटला न्हाई!"

गल्लीला खरं ठाऊक होतं. कुणी हळहळलं, कुणी पदराआड हसलं. पण चार माणसांत आपल्याच सासूच्या तोंडून ते ऐकताना क्रांतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हिनं कधी आपल्याला एका शब्दानंही दुखावलं नव्हतं. बाळंतपणात हिनं आपल्याला तळहातावर ठेवलं होतं.

धैर्यशीलनं त्याच संध्याकाळी वळकटी बांधली. "मी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत ऱ्हातो. नदरंआड झालो की निवंल ती."

तलावाला लागून ती खोली. एका बाजूला स्टार्टर, दुसऱ्या बाजूला खताची पोती, दाराच्या फटीतून वारं. क्रांती दोन्ही वेळचा डबा पोचवायची. तरीही म्हातारी खाईना. माणूस गेला, पण सुनेचं कुंकू होतं ना! डॉक्टर म्हणाले, सलाईन किती दिवस लावणार? पोटात अन्न जायला हवं. मनुबाईची गालफडं बसली, आवाज खोल गेला. ताट समोर आलं की ती सुनेच्या हाताकडं बघायची आणि तोंड फिरवायची.

एका दुपारी क्रांती आतल्या खोलीत गेली. एकेक करून बांगड्या उतरवल्या. ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. डोरलं काढून उशीच्या अभ्र्यात घातलं. आरशात पाहायचं तिनं टाळलं. मग भाकरी दुधात कुस्करून बाहेर आली आणि सासूपुढं बसली. मनुबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. हात तिच्या मोकळ्या कपाळावरून फिरवला आणि तोंड उघडलं.

क्रांती घास भरवत होती. म्हातारी खात होती. तेवढ्यात दार ढकलून धैर्यशील आत आला. खोलीत थंडी मरणाची, म्हणून तो जाड घोंगडं न्यायला आला होता. तो उंबऱ्यातच थांबला. बायकोचे उघडे हात, रिकामा गळा, पांढरं कपाळ त्यानं पाहिलं. मनुबाईची पाठ त्याच्याकडं होती. क्रांतीच्या हातातला घास हवेतच राहिला. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यानं हातानं खूण केली. तो आवाज न करता मागं सरला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

सासूला पाणी पाजून क्रांती बाहेर आली. तिला आपलं कपाळ कुठं लपवावं कळेना.

"आवं, खाईनाच ती. म्हणून..."

"खाल्लं?"

"खाल्लं. एक भाकरी."

"मग ऱ्हाऊ दे असंच," तो म्हणाला, आणि घोंगडं न घेताच गेला.

चार दिवसांत त्यानं फोन लावले. लोणंदच्या एका कारखान्यात त्याच्या पलटणीतला जुना सोबती गेटवर होता. तिथं पहारेकऱ्यांवर एक माणूस हवाच होता. त्यानं बॅग भरली. क्रांती बॅग स्टँडपर्यंत घेऊन गेली, रजा संपल्यावर जायची तशीच. फक्त या वेळी जाताना 'पुढच्या रजेला' असं काही म्हणायची सोय नव्हती.

"आयेला सांभाळ," तो म्हणाला. गाडी धुक्यात गेली.

मनुबाई निवळत गेली. खायला लागली, उन्हात बसायला लागली, सुनेला भाजी निवडून द्यायला लागली. क्रांती घरात विधवा आणि बाहेर सवाष्ण असं जगू लागली. डेअरीवर जाताना गोठ्याच्या कोनाड्यातली टिकली लावायची, परत येताना काढून ठेवायची. हरणाबाईचा नवरा धुळा मेंढरं घेऊन दसऱ्यानंतरच कोकणाकडं उतरला होता; तो पावसाच्या तोंडाला यायचा. हरणाबाई एकदा म्हणाली, "आपली दोघींची तऱ्हा एकच गं बाई." क्रांतीनं मान हलवली, पण तसं नव्हतं हे दोघींनाही कळत होतं. धुळा येणार होता.

थंडी उतरणीला लागली. तलावाकाठचा हरभरा काढायला आला, तेव्हा एका रविवारी धैर्यशील आला. घरी न येता मळ्यात उतरला. क्रांतीनं डबा नेला: भाकरी, वांग्याचं कालवण, वर कांदा. मोटारीच्या खोलीबाहेर बांधावर दोघं बसली. तो जेवत होता. तब्येत सुधारली होती. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती.

"झोप लागती का तिथं?" तिनं विचारलं.

"लागती," तो चटकन म्हणाला. मग जरा थांबून, "लय दिसांनी लागती. पहाटे शिट्टी हुती, हजेरी घ्यायची, कुणाला कुठं उभं करायचं ते ठरवायचं. माणसं सायेब म्हणत्यात. कुठं काय ठिवलंय ते माझं मला ठावं असतं."

क्रांतीनं पाण्याकडं पाहिलं. बदकं कमी झाली होती.

"आत्याबाईंचं काय, आज हाय, उद्या न्हाई," ती सावकाश म्हणाली. "मग तर याल न्हवं?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. हात धुतले. लगेच उत्तर आलं नाही, तेव्हाच तिला उत्तर कळलं.

"पुढच्या म्हैन्यात पुण्याला पाठवत्यात," तो म्हणाला. "मोठी साईट हाय. क्रांती, खरं सांगू का? हे आयेमुळं म्हणायचं एक निमित्त झालं. तुझी घडी बसलीया. मी घरात पाऊल टाकलं की ती मोडती. मला दिसत नव्हतं व्हय? तू काय बोलायची न्हाईस, पर डबं परत जाग्यावर लावायचीस."

"माझी घडी तुमच्यासाठीच बसवली हुती," ती म्हणाली. "तुमी याल म्हणून."

"व्हय," तो म्हणाला. "पर मी यायला लय उशीर केला."

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. मनगटावर काचांचे वण होते. तिला वाटलं, आता हा काही बोलेल. निदान विचारेल, दुखतं का. तेवढ्यात भरावावरून गाडीचा हॉर्न ऐकू आला. तो उठला, पँट झाडली आणि बॅग खांद्याला लावली.

क्रांती रिकामा डबा घेऊन घरी आली. टिकली काढायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही, पण मनुबाईनं तिकडं पाहिलं नाही. ती तेलाची वाटी घेऊन उन्हात बसली होती. "ये," तिनं जमिनीवर हात थापटला. "डोकं किती रुखं झालंय बघ. बस."

क्रांती तिच्या गुडघ्यांत बसली. म्हातारीची बोटं केसांतून फिरू लागली. सुरकुतलेली, गरम बोटं. किती वर्षं हीच बोटं होती. बाळंतपणात, तापात, सासऱ्याच्या मयतीनंतर.

"आपन दोगीच आता," मनुबाई म्हणाली. "तू भिऊ नगंस. मी हाय तुला."

क्रांतीनं तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तिला रडू फुटलं. तिचा आवाज ऐकून हरणाबाई भिंतीवरून डोकावली आणि काही न विचारता मागं झाली.

"रड पोरी, रड," मनुबाई तिच्या पाठीवर तेलकट हात फिरवत म्हणाली. "त्यो ग्येला तवा तू रडलीच न्हाईस. मी बगत हुते."